आंब्याचा केक मधोमध का खचतो? दोष ओव्हनचा नाही, रसातल्या पाण्याचा

मे महिना सरत आला की पेटीतले शेवटचे हापूस मऊ पडू लागतात. आमरस होतो, मिल्कशेक होतो आणि मग घरात आंब्याच्या केकचा विषय निघतो. तासाभराने केक बाहेर येतो. कडा फुगलेल्या, वर सोनेरी रंग, पण मधोमध खळगा. सुरी घातली की आत चिकट गोळा. घरून केकच्या ऑर्डर घेणाऱ्यांना हा खळगा आणखी महाग पडतो, कारण हापूस वाया जातो आणि दुसरा केक करायला वेळही उरत नाही. राग ओव्हनवर किंवा बेकिंग पावडरवर निघतो. बहुतेक वेळा चुकलेले असते ते पाण्याचे गणित.

रसात पाणी किती असते?

पिकलेल्या आंब्याच्या गरात वजनाच्या साधारण ८३ टक्के पाणी असते. केळ्यात ते ७५ टक्क्यांच्या आसपास, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या वर. म्हणजे २५० ग्रॅम आमरस मिश्रणात ओतला की दोनशे ग्रॅमहून जास्त पाणी आत गेले. साध्या केकच्या कृतीतले दूध तेवढेच ठेवून वरून हा रस घातला की केक बिघडणार, हे तिथेच ठरते.

केक फुगतो तो वायूचे बुडबुडे आणि वाफ यांमुळे. तो उभा राहतो तो मात्र पिठातला स्टार्च पाणी शोषून शिजल्यामुळे, आणि अंडे घातले असेल तर त्यातली प्रथिने घट्ट झाल्यामुळे. पाणी जास्त असेल तर हे घट्ट होणे लांबते. कडा तापलेल्या भांड्याला टेकलेल्या असतात, त्या आधी शिजतात. मध्यभाग मागे राहतो. तिथले बुडबुडे भोवतालचे मिश्रण घट्ट होण्याआधीच फुटतात आणि मधला भाग खाली बसतो.

आंब्यातली साखर त्यात भर घालते. साखर वाढली की स्टार्च शिजायला जास्त तापमान लागते. त्यामुळे रस गोड असेल तर कृतीतली साखर कमी करणे हा फक्त चवीचा प्रश्न नाही. डब्यातल्या तयार पल्पमध्ये अनेकदा आधीच साखर घातलेली असते, तेव्हा लेबल वाचलेले बरे.

मग करायचे काय?

रस आटवायचा. कोकणातल्या घरांत रस आटवून ठेवण्याची रीत जुनीच आहे, केकलाही तीच उपयोगी पडते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर २५० ग्रॅम रस १५० ग्रॅमवर आणला की १०० ग्रॅम पाणी उडाले, गर आणि साखर जागेवर राहिली. वजनकाटा नसेल तर कालथ्याने तळ खरवडून पाहावा. पडलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की रस झाला. आंब्याचा पिवळा रंग कॅरोटिनचा असतो, तो उष्णतेत बऱ्यापैकी टिकतो. वास थोडा उडतो. ताज्या फोडी केक गार झाल्यावर वर लावल्या की ती कसर भरून निघते. आटवलेला रस पूर्ण गार झाल्याशिवाय मिश्रणात घालू नये, नाहीतर सोड्याचे काम भांड्यातच उरकते.

सोड्याबाबत हात आखडता हवा. तो फळातल्या आम्लाशी लगेच वायू तयार करतो, पण जास्त झाला की साबणासारखी चव येते. स्ट्रॉबेरीच्या केकमध्ये तर रंगही जातो. तिचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो आणि सोड्याने तो जांभळट-करडा होतो. म्हणून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वापरताना फक्त बेकिंग पावडर घेतलेली बरी.

रवा का चालतो?

फळातल्या पाण्यावर आपल्याकडे उपाय फार आधीपासून होता. बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून उकडलेले सांदण, किंवा पावसाळ्यातल्या मोठ्या काकडीचे धोंडस, ज्याला गोव्यात तवसळी म्हणतात. दोन्हीत रवा फळाचे पाणी पितो आणि तेच पाणी त्याला शिजवते.

हाच हिशेब आंब्याला लावता येतो. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी आटवलेला रस, अर्धी वाटी साखर, पाव वाटी तूप आणि अर्धी वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगून मिश्रण घट्ट झाले तर चमच्याचमच्याने दूध घालत इडलीच्या पिठाइतके सैल करावे. एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा अगदी शेवटी. भांडे खोल नको, उथळ आणि रुंद हवे. ओव्हन १७० अंशांवर, साधारण ४० मिनिटे. ओव्हन नसेल तर जुन्या जाड कढईत मीठ पसरून, झाकण ठेवून, मंद आचेवर. चांगला कुकर कोरडा तापवून खराब करण्यात अर्थ नाही.

केक झाला का हे पाहताना सुरी एकाच जागी खुपसू नये. फोड लागली तर ती ओलीच निघते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९८ अंश दिसायला हवेत. मेच्या उकाड्यात हा ओलसर केक बाहेर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. आणि पेटी लवकर संपवायचीच असेल तर आटवलेला रस वाटी-वाटीने फ्रीझरमध्ये टाकता येतो, केक जुलैतही होतो.