रेड संच कोलमडला तर
सर्व्हरवरच्या अनेक डिस्क जोडून एकच साठवण तयार करण्याच्या पद्धतीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८७ मध्ये ‘रेड’ हे नाव दिले. ‘रेड ५’मध्ये माहितीबरोबर ‘पॅरिटी’ही सर्व डिस्कवर विखरून ठेवतात. पॅरिटी म्हणजे जणू माहितीची बेरीज: एकूण बेरीज आणि बाकीचे आकडे ठाऊक असले की हरवलेला आकडा काढता येतो. तशीच बंद पडलेल्या एका डिस्कवरची माहिती पुन्हा मिळते. दुसरी डिस्क गेली की मात्र सारा संच बंद पडतो.

अशा वेळी घाईने संच नव्याने ‘इनिशियलाइझ’ करू नका; उरलेली माहिती पुसली जाऊ शकते. कोणती डिस्क कोणत्या जागेवर होती ते लिहून ठेवा. ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयत्न प्रतींवरच करा. संच जोडताना जी डिस्क सर्वांत आधी बंद पडली होती ती वगळा, कारण तिच्यावरची माहिती शिळी असते. मग फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडून माहिती दुसरीकडे उतरवा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तो परत देत नाही. म्हणून वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवाच, आणि त्यातून फाइल खरोखर परत मिळतात का, हे अधूनमधून तपासा.