पाबे घाटाच्या अलीकडे, पलीकडे

वेल्ह्याहून पुण्याकडे जाणारा एक रस्ता पाबे घाटातून जातो. घाटाच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कानंदी-गुंजवणीतून नीरेला मिळतो. नीरेच्या कालव्यांवर बारामती-फलटणची शेती उभी आहे. उत्तरेला पडलेलं पाणी खडकवासल्यात उतरतं आणि पुणेकरांच्या नळाला येतं. तेव्हा सर नेमकी कुठे कोसळणार, हा धरणाच्या हिशेबाचाही प्रश्न आहे. त्याचं उत्तर बरंचसं थेंब किती वेगाने पडतो यावर ठरतं.

गन आणि किंझर या अमेरिकी संशोधकांनी १९४९ मध्ये हे वेग मोजून मांडले. अर्धा मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण २ मीटर पडतो, ३ मिलिमीटरचा ८ मीटर. आता भोरच्या पश्चिमेकडच्या हिरडस मावळावर ३ किलोमीटर उंचीचा ढग आणि सेकंदाला १५ मीटरचा पश्चिमवारा धरा. मोठा थेंब सहा-साडेसहा मिनिटांत, ढगापासून पाच-सहा किलोमीटरवर जमिनीला टेकतो. बारीक थेंबाला पंचवीस मिनिटं लागतात. वाटेत आटला नाही, तर तो बावीसेक किलोमीटर पूर्वेला उतरतो. ढग एकच, पण धो-धो पाऊस घाटमाथ्याजवळ आणि भुरभुर पार भोरच्या दिशेला!

हवामानाचा अंदाज काढणाऱ्या जुन्या, मोठ्या चौकटींच्या संगणकीय प्रारूपांना थेंबाच्या या प्रवासाची फिकीर नव्हती. पाऊस तयार झाला की गणिताच्या त्याच पावलात तो थेट खाली, जमिनीवर. शंभर किलोमीटरच्या चौकटीत हे खपून जाई. चौकटी लहान झाल्या तसा पाऊसही वाऱ्याबरोबर वाहणारी वस्तू मानावा लागला. युरोपीय मध्यम-पल्ला अंदाज केंद्राने आपल्या जागतिक प्रारूपात हा बदल केला तो २०१० मध्ये.

प्रत्येक थेंबाचा माग काढणं अर्थातच अशक्य. म्हणून प्रारूप प्रत्येक चौकटीत पावसाचं एकूण वजन ठेवतं, जमल्यास थेंबांची संख्याही, आणि आकारांची विभागणी सूत्राने गृहीत धरतं. मार्शल आणि पामर यांचं १९४८ चं सूत्र यात सर्वांत प्रसिद्ध. पण ते कॅनडातल्या पावसावरून बसवलेलं. सह्याद्रीने ते का पाळावं?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, हे तपासायची सोय जवळच केली आहे. महाबळेश्वरला २०१२ पासून तिची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. तिथलं एक यंत्र वरवर अगदी साधं: तळहाताएवढ्या पृष्ठभागावर थेंब आदळतो आणि त्या आघातावरून त्याचा आकार कळतो. भोरच्या दक्षिणेला, मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेचं एक्स-बँड रडार बसवलेलं आहे. या निरीक्षणांतून घाटातल्या मान्सूनचा स्वभाव पुढे आला. इथे उथळ ढग भरपूर, आणि त्यांच्या पावसात बारीक थेंबांची गर्दी. अशा पावसावर मोठ्या थेंबांचं सूत्र लादलं, तर कागदावरचा पाऊस खऱ्यापेक्षा लवकर आणि पश्चिमेलाच उतरेल.

सूत्र जमलं तरी आकडेमोड दगा देते. जमिनीलगतचे थर पन्नासेक मीटर जाडीचे आणि गणिताचं पाऊल एक मिनिटाचं असेल, तर मोठा थेंब एका पावलात ४८० मीटर, म्हणजे नऊ-दहा थर ओलांडतो. साध्या वजाबाकीने मग थरात आहे त्याहून जास्त पाणी काढलं जातं आणि उत्तर येतं उणे पाऊस. मुख्य उपाय दोन आहेत. पावलाचे तुकडे करायचे. किंवा थरातलं पाणी मिनिटाअखेर कुठे पोहोचेल ते आधी काढून तिथेच ठेवायचं. पहिला सोपा, पण संगणकाचा वेळ खातो. दुसरा जलद, मात्र पडता पडता होणारं बाष्पीभवन त्यात नीट बसवणं किचकट.

२०२४ मध्ये आयआयटीएममध्ये ‘अर्का’ हा महासंगणक आला आणि मे २०२५ मध्ये भारत फोरकास्टिंग सिस्टीम सुरू झाली. अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ वर आली. तोरणा आणि राजगड यांच्यात सरळ रेषेत सुमारे सातच किलोमीटर. आता कुठे ते वेगळ्या चौकटींत पडू लागले. तरीही राजगडाची सुवेळा माची आणि पायथ्याचं गुंजवणे गाव या प्रारूपाला एकाच सरासरी उंचीवर दिसू शकतात, आणि पाबे घाटाची अरुंद धार तर जवळपास सपाटच होते.