साठ-चाळीसचं इस्पितळ

पिरेनीज पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर पुच्सर्दा नावाचं गाव आहे. गाव स्पेनमधलं, म्हणजे कॅटलोनियातलं, पण वस्ती संपते तिथेच फ्रान्स सुरू होतो. 2014 च्या सप्टेंबरात या सरहद्दीला लागून एक इस्पितळ उघडलं. 64 खाटांचं, मोठ्या शहरात कुणी वळूनही पाहणार नाही असं. तरी युरोपात सार्वजनिक पैशाची चर्चा निघाली की या लहानशा इमारतीचं नाव हमखास येतं, कारण ती दोन देशांनी मिळून बांधली आणि दोन देश मिळून चालवतात. पाट्या कॅटलान, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा तीन भाषांत. एका खाटेवर स्पेनचा विमाधारक, तर शेजारच्या खाटेवर फ्रान्सचा.

हे खोरं म्हणजे सर्दान्या. पूर्वी ते एकसंध होतं. 1659 मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला आणि पुढच्या वर्षी वाटणीच्या तपशिलात खोऱ्यातली 33 खेडी फ्रान्सला गेली. करारात शब्द होता ‘खेडी’. लीव्हिया या वस्तीला मात्र नगराचा दर्जा होता. त्या आधारावर स्पेनने ती सोडली नाही आणि लीव्हिया चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं स्पेनचं बेट बनून राहिली. आजही आहे. जेमतेम 13 चौरस किलोमीटरची ही नगरी युरोपातल्या सर्वांत जुन्या औषधालयांपैकी एकासाठी प्रसिद्ध आहे. एस्तेव्हे घराण्याच्या त्या औषधालयातल्या बरण्या आणि रंगीत पेट्या आता तिथल्या संग्रहालयात मांडल्या आहेत.

लीव्हियाचा रस्ता हा तर वेगळ्या लेखाचा विषय. पुच्सर्दाहून लीव्हियाला जाणारी वाट फ्रान्सच्या हद्दीतून जाते, पण तिच्यावरून विनाअडथळा ये-जा करण्याचा हक्क लोकांकडे जुन्या करारांपासून आहे. पुढे मोटारी आल्या आणि ही वाट फ्रान्सच्या राष्ट्रीय महामार्गाला जिथे छेदते, तिथे फ्रेंचांनी ‘थांबा’ची पाटी लावली. विनाअडथळा म्हणजे थांबायचंही नाही, असं लीव्हियावाल्यांचं म्हणणं. पाटी लागायची, रात्रीत गायब व्हायची, पुन्हा लागायची. हा झगडा वर्षानुवर्षं चालला आणि अखेर महामार्गावरून पूल बांधून मिटवावा लागला. एका पाटीपायी सरकारी खजिन्यातून पूल! पण यात हसण्यासारखं काही नाही. सरहद्दीवरच्या माणसाला आपला हक्क रोज वापरूनच जिवंत ठेवावा लागतो, हे लीव्हियाने ओळखलं होतं.

पुच्सर्दापुढचं ला तूर द कारोल हे फ्रेंच रेल्वे स्टेशनही असंच. तिथे तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी येतात: स्पेनच्या गाडीचे 1,668 मिलिमीटरचे, फ्रान्सच्या मुख्य मार्गाचे 1,435 चे आणि डोंगरातून येणाऱ्या पिवळ्या छोट्या गाडीचे मीटरगेज. कुठलीही गाडी दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नाही. प्रवाशाने उतरायचं, सामान उचलायचं, फलाट बदलायचा.

आजारी माणसाला असा फलाट बदलता येत नाही. फ्रेंच बाजूच्या खेड्यांसाठी मोठं इस्पितळ पर्पिन्यांला, साधारण 100 किलोमीटरवर. मध्ये 1,580 मीटर उंचीची खिंड, हिवाळ्यात बर्फाने भरलेली. बाळंतीण घेऊन त्या वाटेने निघायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. पुच्सर्दाचं जुनं इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं आणि 2000 नंतरच्या वर्षांत फ्रेंच रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी, प्रसूतीसाठी तिथे घेण्याचे करारही झाले. पण दोन्ही बाजूंची मिळून वस्ती सुमारे 30,000. स्कीइंगच्या हंगामात ती कितीतरी पटींनी फुगते आणि एरवी ओसरते. एवढ्या माणसांसाठी दोन अद्ययावत इस्पितळं कुठल्याच सरकारला परवडणारी नव्हती. एक मात्र परवडत होतं.

त्या एकाचा हिशेब असा. एकूण खर्च 3 कोटी 10 लाख युरो. त्यातले 1 कोटी 86 लाख, म्हणजे 60 टक्के, युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीतून, स्पेन-फ्रान्स-अँडोरा सीमाकार्यक्रमाखाली आले. उरलेल्या रकमेत कॅटलोनियाचा वाटा 60 टक्के आणि फ्रान्सचा 40. खरी करामत मात्र यापुढची आहे. इस्पितळ चालवण्याचा वर्षाचा खर्चही याच साठ-चाळीसच्या प्रमाणात वाटून घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी 2010 मध्ये, इमारत उभी राहण्याआधीच, दोन्ही बाजूंची एक कायदेशीर संस्था स्थापन झाली. अशी संस्था काढण्याची सोय युरोपीय संघाने 2006 च्या नियमाने करून दिली होती. तिला स्वतःचं अंदाजपत्रक असतं, ती माणसं नेमू शकते, खरेदी करू शकते. अनुदान भिंती बांधून देतं; भूलतज्ज्ञाचा पगार दरमहा लागतो. तो कुणी द्यायचा हे पायाभरणीच्या आधी लिहून ठेवलं, म्हणून हे इस्पितळ चालू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. सीमेवरच्या गावांनी आपणहून एकत्र येण्याची सुरुवात 1958 ची, जर्मनी-नेदरलँड्सच्या हद्दीवर ग्रोनाउ परिसरात. युरोपीय निधीची ‘इंटररेग’ योजना 1990 पासूनची. 2014 ते 2020 या टप्प्यात तिच्याकडे सुमारे 10 अब्ज युरो होते. युरोपीय संघाच्या सुमारे 40 टक्के भूभागाची गणना सीमाप्रदेशात होते, त्यामुळे या योजनेला राजकीय वजन आहे. नियम असा की भागीदार एकाहून अधिक देशांतले हवेत, आणि त्यातला एक प्रमुख भागीदार सगळ्यांच्या वतीने जबाबदारी घेतो. पैसे सहसा आधी आपल्या खिशातून खर्चायचे, पावत्या तपासून घ्यायच्या, मग परतावा मागायचा. मोठ्या शहराला हे जमतं. डोंगरातल्या नगरपालिकेची तिजोरी मात्र परतावा येईपर्यंत रिकामी होते, आणि या योजनेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. लहान गावांना आगाऊ रक्कम मिळाली पाहिजे.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला ही वाटणी परकी वाटू नये. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं तिळारी धरण हा दोन राज्यांनी मिळून पैसा घातलेला प्रकल्प. नदी पुढे गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते, आणि कालव्यांचं पाणी डिचोली, पेडणे, बार्देशकडे जातं. 1990 च्या करारात पाण्याचा आणि खर्चाचा वाटा ठरला: गोव्याचा 73.30 टक्के, महाराष्ट्राचा 26.70. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडेसुद्धा ठरवणारे करार फार नसतात. धरण महाराष्ट्राच्या जमिनीवर, बुडालेली गावंही महाराष्ट्राची, आणि पाण्याचा मोठा लाभ गोव्याला. त्यामुळे धरणग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न दोन्ही राजधान्यांत वर्षानुवर्षं फिरत राहिला. कालवे फुटले की दुरुस्तीच्या खर्चावरून पुन्हा बैठका. पाण्याची आणि बांधकामाची टक्केवारी एवढी चोख ठरली, तशी विस्थापितांच्या हक्कांची जबाबदारीही त्याच नेमकेपणाने वाटून घ्यायला हवी होती.

सर्दान्यातही सगळं पैशाने सुटलं नाही. बूर-मादाम हे फ्रेंच गाव इस्पितळापासून अगदी जवळ. तिथल्या जोडप्याला पुच्सर्दात बाळ झालं की ते बाळ परदेशात जन्मलेलं ठरतं. जन्माची नोंद आधी स्पेनच्या दप्तरात, मग फ्रान्सच्या वकिलातीमार्फत फ्रेंच दप्तरात करावी लागे. ओल्या बाळंतिणीच्या नवऱ्याने घराच्या अंगणातून दिसणाऱ्या गावातल्या जन्माबद्दल वकिलातीशी पत्रव्यवहार करायचा! मृत्यूचं तर त्याहून कठीण. फ्रेंच रुग्ण इथे दगावला की दोन-चार किलोमीटरवरच्या त्याच्या घरी पार्थिव नेण्यालाही आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे कागद आडवे येत. दुःखात बुडालेल्या घराला हा जाच सोसावा लागे, आणि तो दूर करायला युरो पुरत नव्हते. दोन देशांचे कायदे एकमेकांशी जुळवावे लागत होते. इमारतीला निधी मिळवणं त्या मानाने सोपं म्हणायचं.

ब्रसेल्सला हे उशिरा का होईना, उमगलं आहे. मे 2025 मध्ये युरोपीय संघाने सीमाप्रदेशांसाठी एक नवा नियम संमत केला. त्यानुसार सदस्य देशाला सीमा समन्वय केंद्र उघडता येतं. कायद्याची अडचण कुणी तिथे नोंदवली, तर केंद्राने तिची तपासणी करून उत्तर द्यायचं. केंद्र उघडण्याची सक्ती नाही आणि कायदा बदलायचा की नाही, हे शेवटी त्या त्या देशाच्याच हाती. तरी स्पेन आणि फ्रान्स या दोघांनी अशी केंद्रं उघडावीत, आणि सर्दान्याच्या इस्पितळाने जन्मनोंदीची फाईल पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे दाखल करावी.