सामायिक ईमेलपेटी : पद, व्यक्ती आणि उत्तरदायित्व

बुलढाणा जिल्हा हा विदर्भाच्या पश्चिम सीमेवरील जिल्हा होय. तेथील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा हे पाच जिल्हे येतात. लोणार किंवा सिंदखेडराजा येथून अमरावतीस जाऊन परत येण्यात पुरा दिवस मोडतो. त्यामुळे या टोकाच्या महाविद्यालयांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे प्रामुख्याने पत्रव्यवहार होय. आणि हा पत्रव्यवहार आता बहुतांशी ईमेलने चालतो. अशा वेळी एक साधा प्रश्न महत्त्वाचा ठरतो : विभागाच्या नावाने आलेले पत्र नेमके कोणाला मिळाले?

कागदी टपालाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. पत्र 'मा. कुलसचिव' किंवा 'प्राचार्य' यांस लिहिले जाई; म्हणजे ते व्यक्तीस नव्हे, पदास उद्देशून असे. ते प्रथम आवक विभागात येई, त्यावर क्रमांक व दिनांक पडे आणि मगच ते संबंधित लिपिकाच्या मेजावर जाई. या कामास आपल्या कार्यालयांत आजही 'बारनिशी' म्हणतात. हा शब्द फारसी वळणाचा असून जुन्या दफ्तरी व्यवहारातून आलेला आहे. मराठेशाहीतील पत्रांवर आढळणारा 'बार' हा शेरा नोंद झाल्याचीच खूण होय. प्राचार्य बदलले तरी नोंदवही जागची हलत नसे.

ईमेलची घडण मात्र आरंभापासून व्यक्तिनिष्ठ आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी '@' या चिन्हाने जोडलेला पत्ता योजला, तेव्हा चिन्हाच्या एका बाजूस माणसाचे नाव व दुसऱ्या बाजूस त्याच्या संगणकाचे नाव होते. पदाला पत्ता असावा ही कल्पना मागाहून दृढ झाली. मे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटच्या २१४२ क्रमांकाच्या मानक-दस्तऐवजात 'पोस्टमास्टर', 'वेबमास्टर' यांसारखी कार्यदर्शक नावे एकत्र नोंदविण्यात आली. पत्ता वापरणारी माणसे बदलली तरी पत्ता बदलू नये, हे त्यामागील तत्त्व होय. जेथे विभागाचा पत्रव्यवहार एखाद्या प्राध्यापकाच्या खासगी खात्यावरून चालतो, तेथे हे तत्त्व मोडते. ते गृहस्थ सेवानिवृत्त झाले की विभागाची कित्येक वर्षांची स्मृती त्यांच्याबरोबर निघून जाते.

यावर उपाय म्हणून ज्याला व्यवहारात 'कॉमन मेल आयडी' म्हटले जाते, त्या एकाच नावाखाली तीन भिन्न व्यवस्था वावरतात. पहिलीत एकच पासवर्ड चार-पाच जणांना ठाऊक असतो. ही खऱ्या अर्थाने सामायिक पेटी नव्हे. कोणी काय पाठविले वा पुसून टाकले याचा माग तीत राहत नाही. बदलून गेलेल्या माणसाकडे किल्ली तशीच राहते. आणि प्रवेशासाठी लागणारा ओटीपी एकाच्याच मोबाईलवर येतो. दुसऱ्या व्यवस्थेत पत्राची प्रत प्रत्येक सदस्यास स्वतंत्रपणे पोहोचते. परंतु इतरांपैकी कोणी उत्तर दिले की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो. तिसऱ्या व्यवस्थेत पेटी एकच असते, पण प्रत्येकजण आपापल्या खात्यातून, आपापल्या पासवर्डने तीत प्रवेश करतो. कोणास कोणता अधिकार द्यावयाचा हे पेटीचा व्यवस्थापक ठरवितो, आणि बदली होताच तो अधिकार काढून घेता येतो. हीच खरी सामायिक पेटी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज प्रणालीत असे तीन अधिकार वेगळे केलेले आहेत : पेटी उघडून वाचण्याचा, पेटीच्या नावाने पाठविण्याचा आणि पेटीच्या वतीने पाठविण्याचा. यांतील शेवटचा भेद सूक्ष्म आहे. पेटीच्या नावाने पाठविलेल्या पत्रावर केवळ विभागाचे नाव दिसते. तिच्या वतीने पाठविलेल्या पत्रावर लिहिणाऱ्याचे नावही दिसते. मराठी कार्यालयीन लेखनास हा भेद नवा नाही. 'कुलसचिवांकरिता' असे लिहून अधीक्षक स्वाक्षरी करतो, तेव्हा अधिकार पदाचा व कृती आपली, असे तो एकाच शब्दात सांगत असतो.

तथापि यंत्रणा योग्य निवडली म्हणजे उत्तरे वेळेवर जातात असे नाही. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' हे श्रोत्यास वगळते, तर 'आपण' त्यास सामावून घेते. हेच 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही योजले जाते. 'आपण उत्तर देऊ' आणि 'आपण उत्तर द्याल' या वाक्यांत क्रियापदामुळे अर्थ निश्चित होतो. परंतु 'आपण उत्तर द्यावे' या वाक्यात क्रियापद 'उत्तर' या कर्माप्रमाणे चालते. कर्त्याचा पुरुष त्यात उमटत नाही. परिणामी, सामायिक पेटीतील पत्रावर एका सहकाऱ्याने असा शेरा लिहिला, तर 'तुम्ही द्यावे' आणि 'आपण सर्वांनी द्यावे' हे दोन्ही अर्थ सारखेच संभवतात. 'कळविण्यात यावे', 'कार्यवाही करण्यात येत आहे' या रचनांत तर कर्ता सर्वथा लुप्तच होतो. कागदावर हा लोप फारसा बाधत नसे, कारण समासात कोणाची तरी आद्याक्षरे असत. ईमेलपेटीला समास नाही. शिवाय पुष्कळ व्यवस्थांत एकाने पत्र उघडले की ते सर्वांसाठी 'वाचलेले' ठरते, आणि प्रत्येकास वाटते की दुसऱ्याने ते हाती घेतले असावे.

समजा, लोणारच्या एका विद्यार्थिनीने स्थलांतर प्रमाणपत्रासाठी लिहिलेले पत्र अशा रीतीने पडून राहिले. तिकडे दुसऱ्या विद्यापीठातील तिच्या प्रवेशाची मुदत टळते, आणि इकडे पाच जणांपैकी कोणासही आपण चुकलो असे वाटत नाही.

कायदा मात्र इतका उदार नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षांनी वेगळे काही ठरविलेले नसल्यास, स्वीकृतीसाठी निर्दिष्ट केलेल्या संगणक-साधनात अभिलेख शिरला त्या क्षणीच तो मिळाला असे मानले जाते. तो कोणी वाचला की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज इलेक्ट्रॉनिक मार्गानेही करता येतो व सर्वसाधारणतः तीस दिवसांत त्याचा निर्णय द्यावा लागतो. विनाकारण विलंब झाल्यास कलम २० प्रमाणे दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि तो विभागास नव्हे, जन माहिती अधिकाऱ्यास होतो. पेटी सामायिक असली तरी दायित्व व्यक्तीचेच राहते.

म्हणून सामायिक पेटीबरोबर बारनिशीची शिस्तही आली पाहिजे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठा पद्धती येथे उपयोगी पडेल. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद असे हे गठ्ठे होत. याच नावांची फोल्डरे पेटीत करता येतात. त्याखेरीज तीन नियम पुरेसे आहेत. दररोज एका ठरलेल्या व्यक्तीने नवे टपाल पाहून प्रत्येक पत्रास एका व्यक्तीचे नाव जोडावे. शेऱ्यात 'आपण' न लिहिता नाव लिहावे. बाहेर जाणाऱ्या उत्तराखाली विभागाबरोबर लिहिणाऱ्याचे नाव व पद असावे.

मात्र सर्वच टपाल सामायिक करण्याजोगे नसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या अधिनियमाने तक्रारीतील नावे व मजकूर उघड करण्यास मनाई केली आहे. अशा समितीची पेटी केवळ तिच्या सदस्यांपुरतीच असावी. प्रश्नपत्रिकांविषयीच्या पत्रव्यवहारासही हाच न्याय लागू पडतो.

सारांश, सामायिक पेटी ही पदाची स्मृती टिकविते. परंतु उत्तर देण्याचे काम पद करीत नाही, माणूस करतो. जुन्या नोंदवहीत पत्राच्या क्रमांकापुढे त्या माणसासाठी एक रकाना होता. नव्या पेटीत तो रकाना आपोआप येत नाही; तो आखून घ्यावा लागतो.