दुसरबीडहून सौभद्राला

सोयाबीन घरात आलं, हरभऱ्याची पेरणी उरकली आणि भजनी मंडळातल्या आम्ही मित्रांनी क्रूझर ठरवली. संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात 'संगीत सौभद्र' लागलं होतं. सिंदखेडराजा, जालना करत शंभरावर किलोमीटर जायचं आणि रातोरात परतायचं. संगीत नाटक हे पुण्या-मुंबईकडच्या, राग कळणाऱ्या माणसांचं, असा आमच्याकडे पक्का समज आहे. तो मला मुळापासून खोडून काढायचा आहे.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, नांदी सुरू झाली. आमचा मृदंगवाला रंगमंचाकडे बघतच नव्हता. त्याची नजर खाली, एका बाजूला बसलेल्या तबलजीच्या हातावर. दुसऱ्या बाजूला ऑर्गन. दोन्ही पायांनी भाता हलवत वाजवायचं हे वाद्य. त्याचा सूर पेटीपेक्षा भरदार, लांबणारा. वाजवणारा पट्ट्यांकडे क्वचितच बघत होता. नटानं श्वास घेतला की याची बोटं तयार. नट एखाद्या ओळीवर रमला, तीच ओळ चार वेगळ्या वाटांनी फिरवायला लागला, की ऑर्गन मागं मागं जाई आणि तबला समेवर दोघांना एकत्र आणी. थोड्या वेळानं साकी आली, मग दिंडी. मृदंगवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. "भाऊ, हे तं आपल्या कीर्तनातलंच हाय ना!"

अगदी तेच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि 1882 मध्ये 'सौभद्र'. पदांच्या चाली त्यांनी लोकांच्या कानात आधीच बसलेल्या ठिकाणांहून उचलल्या: कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, ओव्या, लावण्या, कर्नाटकी चाली, हिंदुस्थानी चिजा. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पात्रांना स्वतःच्या तोंडानं गायला लावलं. मला हा बदल फार मोठा वाटतो. सुभद्रेचं दुःख सुभद्राच गाते, म्हणून ते थेट येऊन भिडतं. त्या काळी सुभद्रा म्हणून उभे राहत ते भाऊराव कोल्हटकर. माइक नसताना त्यांचा उंच, धारदार आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचे.

आणि गोष्ट तर आपल्या घरातलीच. बहिणीचं लग्न थोरल्या भावानं, बलरामानं, दुर्योधनाशी ठरवलंय. धाकट्याच्या, कृष्णाच्या मनात अर्जुन आहे. थोरल्याच्या तोंडावर नाही म्हणायची सोय नाही. मग घटोत्कचानं रानात नेलेली सुभद्रा, संन्याशाच्या वेषातला अर्जुन, सगळं ठाऊक असून भोळेपणानं वागणारा कृष्ण. बलराम तापला तेव्हा आमच्यातल्या तीन पोरी उजवलेल्या शिंपीदादांनी मान हलवली. "सोयरीक म्हणली की असंच असते, राजेहो." कृष्ण-रुक्मिणीच्या प्रवेशातल्या पदाला वन्समोअर मिळाला आणि तो मागणाऱ्यांत आमची रांग पहिली होती.

पूर्वी ही नाटकं पहाटेपर्यंत चालत. आता पदं कापून तीन तासांत बसवतात. शहरात शेवटच्या बसचा विचार करावा लागतो, हे मान्य. पण एक पद निम्म्यावर आवरलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

परतताना जालन्यात चहाला थांबलो. एकानं 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा पाहिलेला. मी त्याला सांगितलं, ते मूळ नाटक 1967 चं, लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. आणि ज्यांनी खाँसाहेब अजरामर केले, ते वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात. "म्हणजे आपल्या वऱ्हाडाचाच माणूस की," तो म्हणाला आणि पुढं सिंदखेडराजा येईपर्यंत त्यानं वसंतरावांबद्दल विचारून विचारून मला बोलतं ठेवलं.

आता मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडणार आहे. तिकडे झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूरकडे, दिवाळीनंतर गावोगाव मंडप पडतात आणि गाण्यांसकट नाटक रात्रभर चालतं. बैलगाडीनं येऊन लोक बसत आलेत. सप्ताहासाठी आपण मंडप घालतोच. तोच आणखी एक रात्र ठेवायचा. ऑर्गन नसला तर पेटी चालेल, तबला मिळेल, झांजा आपल्याच आहेत. नाटक मंडळींच्या जेवणाचं शिंपीदादांनी गाडीतच अंगावर घेतलंय. एक अटही घातलीय, की एकही पद कापायचं नाही.