विश्लेषण : ‘पोरंच ती, चालायचंच’ म्हणून शाळेला हात झटकता येतात का?

वारणानगर म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि शाळा-महाविद्यालये. पन्हाळा तालुक्यातील या गावात आजूबाजूच्या खेड्यांतून रोज मुले एसटीने, स्कूल बसने येतात. काही वसतिगृहात राहतात. बसची मागची सीट, मधली सुट्टी, वसतिगृहाची खोली आणि रात्रीचा व्हॉट्सॲप ग्रुप या ठिकाणी शिक्षकांची नजर नसते आणि नेमका तिथेच त्रास सुरू होतो. घरी सांगितले तर ‘तूही एक ठेवून द्यायची’, शाळेत सांगितले तर ‘पोरंच ती’. कायदा मात्र असे म्हणत नाही.

भांडण आणि छळ यात फरक काय?

दोन सारख्या ताकदीची मुले एकदा भिडली, तर ते भांडण. एकाच मुलाला मुद्दाम, पुन्हा पुन्हा लक्ष्य केले जाते आणि तो उलट उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा तो छळ. टोपणनावाने चिडवणे, डबा हिसकावणे, कुणी बोलायचे नाही असा ‘बायकॉट’ घालणे, फोटोवरून स्टिकर बनवून फिरवणे हे सगळे यातच येते. जगभरात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिनाभरात असा अनुभव आल्याचे युनेस्कोने २०१९ मध्ये म्हटले होते.

रॅगिंगचा कायदा शाळेलाही लागू होतो?

होय. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. तो फक्त इंजिनीअरिंग किंवा मेडिकलच्या ‘सीनिअर’साठी आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात शिक्षण देणारी कोणतीही संस्था आणि तिला जोडलेले वसतिगृह त्यात येते. शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असे वर्तन म्हणजे रॅगिंग. चिडवणे, शिवीगाळ, धमकी यांचाही व्याख्येत उल्लेख आहे. संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

तक्रार लेखीच का द्यावी?

कारण मुख्याध्यापकांवरील सात दिवसांचे बंधन लेखी तक्रारीपासून सुरू होते. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कुणीही ती देऊ शकतो. मुख्याध्यापकांनी सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे. त्यांनी टाळाटाळ केली तर तीही गुन्ह्याला मदत मानली जाते आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षाही तीच. म्हणून अर्जात तारीख, ठिकाण आणि काय घडले ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि सहीची पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

त्रास देणाऱ्या मुलाचे काय?

तोही मूलच आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे भर सुधारण्यावर असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. त्यामुळे ‘दाखला हातात द्या’ हा उपाय नाही. समुपदेशन, पालकांशी बोलणे आणि काही महिने लक्ष ठेवणे, हे शाळेला करावेच लागते.

शाळा आधीच काय करू शकते?

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने तयार केलेल्या ‘किवा’ उपक्रमाचा भर बघ्यांवर आहे. हसणारे, व्हिडीओ काढणारे गप्प झाले की दादागिरीची मजा संपते. हे करायला मोठा खर्च लागत नाही. बसमध्ये मागे एक मोठा माणूस बसवणे, मधल्या सुट्टीत शिक्षकांची पाळी लावणे, वसतिगृहात वयानुसार खोल्या देणे इथून सुरुवात होते. तक्रारपेटी शिक्षकखोलीच्या दारात असेल तर चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. ती आडोशाला हवी आणि ठरलेल्या दिवशी उघडायला हवी.

पालकांनी काय ओळखावे?

- शाळेच्या वेळेलाच पोट दुखणे, बस टाळणे
- वह्या फाटणे, पैसे ‘हरवणे’, डबा खाल्लेला असूनही भूक लागणे
- मोबाइल वाजला की दचकणे

अशा वेळी ‘तू काय केलंस?’ हा पहिला प्रश्न नको. आधी ऐकून घ्या. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. समोरच्या मुलाच्या घरी जाऊन भांडू नका, प्रकरण चिघळते.

मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मूल स्वतःही फोन करू शकते. मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, तर तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२. हे क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून द्या.