पावसाने घरात बसवलेले हात

पाऊस लागला की घरबसल्या आपोआप काहीतरी सुचतं, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. खिडकी, वाफाळता चहा, कांदाभजी आणि मागोमाग कविता. मी भाईंदरला राहतो. इथं झड लागली की खिडकी लावूनच घ्यावी लागते, तरी भिंतीला ओल धरते ती धरतेच. या समजुतीवर माझा विश्वास बसत नाही तो काही अंशी त्यामुळेच. शिवाय पावसानं घरात अडकवलेल्या माणसांनी या पट्ट्यात काय काय घडवलं ते पाहू लागलं, की निवांतपणा फारसा कुठे दिसत नाही. दिसतात ते दुसऱ्याच कुठल्या कामात गुंतलेले हात.

आमच्या शहराच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची गावं आहेत. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी वर ओढून झाकलेल्या असतात आणि पडवीत जाळी पसरलेली असतात. उत्तनचं खास जाळं म्हणजे डोल. ही एक भली लांब पिशवीच असते. तोंडाशी मोठे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, आणि शेवटच्या खोल्यापर्यंत येईतो ते इतके बारीक की बोट जेमतेम शिरावं. जाळं फाटलं की लगेच विणायला घेत नाहीत. आधी फाटलेल्या कडा कापून सरळ करायच्या, म्हणजे भोक आणखी मोठं करायचं, आणि मगच सुई हाती घ्यायची. एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं असतं आणि गाठ पडत जाते. आसाचं माप चुकलं की ताण एकाच जागी येतो आणि जाळं तिथंच पुन्हा उसवतं. हे काम करणाऱ्याला प्रमाणबद्धता वेगळी शिकवावी लागत नाही. चित्रकलेच्या वर्गात पहिलं वर्ष याच गोष्टीवर खर्ची पडतं.

हिवाळ्यातला पाऊस मात्र या गावांना परवडत नाही. बोंबील वलांडीवर वाळत घालायचे ते दिवस. ५ डिसेंबर २०१७ ला ओखी वादळाच्या उरल्यासुरल्या पावसानं मुंबई-ठाण्याच्या शाळांना सुट्टी मिळाली. १ डिसेंबर २०२१ लाही असाच अवकाळी कोसळला. ख्रिस्ती घरांत डिसेंबर म्हणजे नाताळचा गोठा आणि कागदी चांदण्या करायचा महिना. पण ज्या घराचा सुकत घातलेला माल भिजला, तिथं बांबूच्या काड्या तासत कोण बसणार? घरात कोंडलं जाणं आणि घरात बसायला मिळणं, यांत फरक आहे. पावसाळी प्रतिभेवर लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या गटातले असतात.

शहराच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि त्याच्या पोटात कान्हेरी. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजारभर वर्षं वापरात असलेली. भिक्षूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम. त्यामुळे ही सगळी खटपट एका अर्थानं पावसाळ्यातल्या घराचीच आहे. बसायला दगडी ओटे आहेत, दाराशी पाण्याचं टाकं आहे, कातळावरचं पाणी टाक्यात वळवणारे पाट आहेत. पावसाला बाहेर ठेवायचं आणि तोच साठवायचा, असा दुहेरी हिशेब. ४१ व्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहिला किंवा ३४ व्या लेण्याच्या छतावरचं अपुरं राहिलेलं बुद्धाचं चित्र पाहिलं, तर हे ध्यानाचं फळ असं म्हणायचा मोह होतो. पण पैसा कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचा होता, शिलालेखच तसं सांगतात. आणि छिन्नी कारागिरांची. भिक्षूंच्या मुक्कामानं निमित्त पुरवलं, इतकंच.

त्याच डोंगराच्या काशिमिरा बाजूला माशाचा पाडा, डाचकूल पाडा अशा आदिवासी वस्त्या आहेत. वारली चित्र म्हटलं की आपल्याला कागद आणि कापड आठवतं. मूळचं ते भिंतीवरचं, लग्नाच्या चौकाचं, तांदळाच्या पिठाचं, आणि काढायच्या सुवासिनी. पावसात हे हात भातलावणीच्या चिखलात असतात. कुडाच्या भिंतीवरचं चित्र तर पावसाळ्यागणिक फिकं पडत जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींनी डहाणूच्या पाड्यांवर कागद नेला आणि चित्र ओलीच्या तावडीतून सुटलं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ची पद्मश्री मिळाली ती त्यानंतर. ज्या बायकांची ही कला होती, त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील, हा प्रश्न मला अजून टोचतो.

जात्यावरच्या ओव्याही बायकांनी हात कामात गुंतलेले असतानाच रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. खुंटा हातात असायचा आणि तोंड मोकळं असायचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं. बसून लिहायला वेळ मिळेल, मग रचू, असं त्यांनी म्हटलं असतं तर मराठीला त्या मिळाल्याच नसत्या.

पावसाळा हाच ज्यांचा हंगाम, असे कलाकार पेणला भेटतात. तिथल्या घरोघरच्या कारखान्यांत ऐन आषाढात शाडू वाळत नाही. मूर्ती पंख्यापुढे ठेवायच्या आणि वाट पाहायची. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती जाणत्या हाताची. तमाशाचे फड उलटे. त्यांचा दौरा दसऱ्याला सुरू होतो, म्हणजे नव्या वगाची तालीम पावसातच करायची.

आणि आमचे मीरा रोड-भाईंदरचे फ्लॅट? मालिकांतून कामं शोधणारी, शिकवण्या घेणारी, लोकलच्या वेळेवर जगणारी पुष्कळ कलावंत मंडळी इथं राहतात. गाडी बंद पडली की त्यांना दिवस मिळतो, पण हवा साथ देत नाही. तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो. मग बल्बच्या उबेला ठेवून तो चढवायचा. जलरंगाचा थर वाळत नाही आणि दुसरा थर पहिल्यात मिसळून चिखल होतो. यातही फायदा काढणारे आहेत. ओल्या कागदावर ओलाच रंग सोडायचं तंत्र या हवेत सैल हातानं करता येतं, कारण घाई नसते. उन्हाळ्यात कडा चटकन कोरड्या पडतात, तेव्हा हे साधत नाही. आकाश भरलेलं असलं की उजेडही सगळीकडून सारखा येतो. टेबलावरचं भांडं रेखाटायला याहून बरी वेळ नाही.

अडचण जागेची आहे. एका खोलीत चित्रं वाळत घालायची तर दोरी एकच आणि पंखाही एकच. आमच्या मजल्यावरच्या एका घरात यावर तोडगा निघाला आहे: रात्री दहापर्यंत पंख्याखाली मुलीचे शाळेचे कपडे, दहानंतर आईची चित्रं. सलग दोन दिवस झड लागली की हे वेळापत्रक मोडतं आणि भांडण जिन्यापर्यंत ऐकू येतं.